मराठी स्त्रियांची नदीनामे आणि ‘भीमा’

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसला आहे. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमा, तर दक्षिणेकडून नीरा वाहते, आणि तालुक्याच्या टोकाशी नीरा नरसिंहपूर येथे, लक्ष्मीनृसिंहाच्या देवळालगत, या दोघींचा संगम होतो. पुणे–सोलापूर महामार्गावरील भिगवण, पळसदेव, लोणी देवकर ही गावे भीमेच्या अंगाची असून, १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर नदीचे जुने पात्र विस्तीर्ण जलाशयाखाली गेले आणि पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यातच दिसू लागले. या काठावरच्या जुन्या पिढीत भीमाबाई हे स्त्रीनाम चांगलेच परिचयाचे होते. गंगाबाई, गोदाबाई, कृष्णाबाई, भागीरथी, चंद्रभागा, नर्मदा, तापीबाई ही त्याची भावंडे अवघ्या महाराष्ट्रात आढळतात. नदीचे नाव मुलीला ठेवण्याची ही चाल कशी रुजली, ती कोणत्या रीतीने वापरली गेली आणि कागदोपत्री तिचे काय झाले, हे पाहताना मराठी स्त्रीच्या नावाचा एकूण इतिहासच उलगडत जातो.

‘भीम’ या संस्कृत विशेषणाचा अर्थ भय उत्पन्न करणारा, उग्र, प्रचंड असा आहे आणि ‘भीमा’ हे त्याचे स्त्रीलिंगी रूप होय. शिवाच्या नावांमध्ये ‘भीम’ येते, तर देवीमाहात्म्यात भीमादेवी या नावाने देवीचा उल्लेख येतो. त्यामुळे या नावाला नदीखेरीज शाक्त परंपरेचाही आधार आहे. नदीचे जुने नाव ‘भीमरथी’ असे होते आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात या नदीचा निर्देश आढळतो. सह्याद्रीत भीमाशंकर या ज्योतिर्लिंगाजवळ ती उगम पावते. त्रिपुरासुराशी झालेल्या युद्धानंतर विसावलेल्या शंकराच्या अंगावरून निथळलेल्या घामाची ही नदी झाली, अशी तिची आख्यायिका सांगितली जाते. पुढे पंढरपूरला तिचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. भीमाबाई आणि चंद्रभागाबाई ही दोन नावे अशा प्रकारे एकाच प्रवाहाची असून, पहिल्यामागे शैव आख्यान आहे तर दुसऱ्यामागे वारकऱ्यांची वाट आहे.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांना मात्र अशी नावे मान्य नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव कसे असावे हे सांगितले आहे: ते उच्चारायला सोपे, अर्थाने स्पष्ट, मनोहर, मंगल, आशीर्वादसूचक आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे, आणि त्यात क्रूरपणा नसावा. तिसऱ्या अध्यायात वधूपरीक्षेच्या संदर्भात याची उलट बाजू येते. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प किंवा दास यांची नावे असलेल्या, तसेच भीतिदायक नावाच्या कन्येशी विवाह करू नये, असे तेथे सांगितले आहे. या कसोटीवर गंगा, यमुना, गोदावरी ही नावे एका कलमाने बाद होतात, तर भीमा हे नाव नदीचे असल्यामुळे आणि भीतिदायक अर्थाचे असल्यामुळे दोन कलमांनी बाद होते. दीर्घ स्वराची अट तेवढी ही सगळीच नावे पाळतात. तरीही ब्राह्मणांपासून शेतकऱ्यांपर्यंत आणि सरदार घराण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वत्र नदीनामे शतकानुशतके ठेवली गेली आणि त्या मुलींची लग्नेही होत राहिली. ग्रंथातील विधिनिषेध आणि प्रत्यक्ष लोकाचार यांतील अंतर मोजायला याहून सोपे उदाहरण सहसा सापडत नाही.

लोकाचाराचे पारडे जड ठरण्याचे कारण नदीविषयीच्या मराठी कल्पनेत आहे. महाराष्ट्रात नदी ही नुसती पवित्र जलधारा नसून ती बाई असते. वाईला कृष्णा नदीचा उत्सव होतो तो ‘कृष्णाबाईचा उत्सव’ या नावाने, आणि कृष्णाकाठची माणसे तिला कृष्णामाई म्हणतात. नदीला पूर आला की तिची खणानारळाने ओटी भरायची, लुगडे वाहायचे, ही एखाद्या सवाष्णीचा मान राखण्याचीच रीत आहे. जी नदी स्वतःच बाई आहे, माय आहे, माहेरवाशीण आहे, तिचे नाव मुलीला ठेवताना भीमा या शब्दाचा उग्र अर्थ कुणाच्या मनात येत नाही. मनात येते ते पाणी, तीर्थ आणि देवीपण. तीर्थाला केलेला नवस फळला म्हणून, यात्रेच्या सुमारास जन्म झाला म्हणून किंवा घरातल्या आजीचे नाव पुढे चालावे म्हणूनही अशी नावे ठेवली जात. म्हणूनच नदीनामावरून त्या बाईचे जन्मगाव सांगता येत नाही. नर्मदा पाहिलीही नाही अशा घरात नर्मदाबाई असते आणि काशीपासून शेकडो कोस दूर असलेल्या खेड्यात भागीरथी असते. नदीनामांचा नकाशा हा प्रवाहांचा नव्हे, तीर्थांचा नकाशा आहे.

कोणत्या नद्यांची नावे स्त्रियांना मिळाली नाहीत, यावरून हे अधिक स्पष्ट होते. बारामतीतून वाहत जाऊन नीरेला मिळणारी कऱ्हा तिच्या काठच्या लोकांच्या किती जिव्हाळ्याची आहे, हे आचार्य अत्रे यांनी आपल्या आत्मचरित्राला दिलेल्या ‘कऱ्हेचे पाणी’ या शीर्षकावरूनही कळते. परंतु कऱ्हाबाई असे नाव रूढ झाले नाही. मुठा, घोड, माण, सीना यांचेही तसेच. पुराणातील माहात्म्य, मोठे क्षेत्र आणि दूरवर पसरलेली कीर्ती या तिन्हींचा आधार असलेल्या नद्याच प्रामुख्याने नामावळीत आल्या. नीरा हे नाव आज मुलींना ठेवले जाते, पण ते बहुधा ‘नीर’ म्हणजे पाणी या संस्कृत शब्दाच्या गोडव्यामुळे, इंदापूरच्या सीमेवरच्या नदीमुळे नव्हे. प्रत्येक नदीसदृश नाव नदीचेच असते असेही मानता येत नाही. नाशिकच्या लेण्यांतील प्रसिद्ध शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा उल्लेख येतो. गोदावरीलाही गौतमी म्हणतात हे खरे, पण त्या लेखातले ‘गौतमी’ हे पद गोत्रावरून आलेले आहे.

नाव ठरवण्याची घरगुती प्रक्रिया ग्रंथांपेक्षा पंचांगाने अधिक बांधलेली होती. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल, त्या चरणाला ठरवून दिलेल्या अक्षराने सुरू होणारे नाव म्हणजे ‘नावरस नाव’. मूळ नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे ये, यो, भा, भी अशी असल्याने चौथ्या चरणावर जन्मलेल्या मुलीसाठी भीमा हे सहज सुचणारे नाव होते. मुलीचे बारसे बहुधा बाराव्या किंवा तेराव्या दिवशी होई. पाळणा सजवायचा, बायकांनी पाळण्याखालून बाळाला एकमेकींच्या हाती द्यायचे, मग आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचे आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी तिच्या पाठीवर थापा द्यायच्या, शेवटी ओल्या हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या घुगऱ्या वाटायच्या, हा त्याचा सर्वपरिचित क्रम आहे. नाव ठेवण्याचा मान वडिलांच्या बहिणीचा, म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या लेकीचा असतो, ही या विधीतील लक्षणीय गोष्ट म्हटली पाहिजे.

पाळण्यातले नाव आणि तोंडातले नाव यांत पुन्हा फरक पडे. लहानपणी भिमी, मोठी झाल्यावर भिमा, वयाने वा नात्याने वडील असेल तर भिमाक्का किंवा भीमाताई, आणि संसाराला लागल्यावर भीमाबाई, असा एकाच नावाचा प्रवास होई. गंगाचे गंगू, गोदावरीचे गोदा किंवा गोदू, यमुनेचे जमना, भागीरथीचे आणि चंद्रभागेचेही भागू, सरस्वतीचे सरू अशी रूपे बोलण्यात घडत आणि तीच पुढे कागदावरही येत. यातील ‘बाई’ हा आदरार्थी जोड नावाचाच भाग बनल्यामुळे, व्यक्तीचे नाव भीमा आहे की भीमाबाई, हा प्रश्न जुन्या लोकांना पडत नसे. सासरी मात्र नाव घेऊन हाक मारणारी माणसे कमीच. नवरा तिचे नाव चारचौघांत घेत नसे, ती त्याचे नाव उखाण्यातच घेई, आणि एक मूल झाले की ती अमक्याची आई म्हणूनच ओळखली जाई.

एका गावात चार भीमाबाई असल्या की त्या वेगळ्या कशा ओळखायच्या, ही अडचण गावांनाही आलेली आहे. लोणी नावाची गावे पुणे जिल्ह्यातच अनेक असल्यामुळे हवेली तालुक्यातले लोणी काळभोर, बारामती तालुक्यातले लोणी भापकर आणि इंदापूर तालुक्यातले लोणी देवकर अशी आडनावे जोडून ती ओळखावी लागतात. स्त्रियांच्या बाबतीत हे काम नवऱ्याच्या नावाने केले. मराठी दफ्तरांत पुरुषाच्या नावापुढे बापाचे नाव सांगण्यासाठी ‘बिन’ हा शब्द येई, तर विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘जोजे’ हे अरबी-फारसी वळणाचे शब्द, किंवा ‘भ्रतार’ हा संस्कृत मूळाचा शब्द घालून नवऱ्याचे नाव लिहीत. तिन्हींचा आशय ‘अमक्याची बायको’ असाच होतो. जमिनीच्या खरेदीखतांत, वारसनोंदींत आणि फेरफारांत हे शब्द दीर्घकाळ टिकले. बापाचे नाव त्यात येत नसल्याने माहेरचा धागा कागदावर तुटत असे, आणि नाव भीमाबाईसारखे सर्वत्र आढळणारे असेल तर ती नेमकी कोण, हे दोन पिढ्यांनंतर सांगणे कठीण होई.

याहून मोठी उलथापालथ लग्नात नाव बदलण्याच्या चालीने केली. विशेषतः ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा घरांत वधूचे नाव सासरी बदलण्याची प्रथा दृढ होती. लग्नानंतरच्या लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने वराने नवे नाव लिहायचे आणि मग पेढे वा साखर वाटून ते सर्वांना सांगायचे, अशी ही रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. या रीतीत नदीनामे किती गेली, याची मोठ्या स्त्रियांच्या चरित्रांतूनच कल्पना येते. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना; गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या आनंदी झाल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी याच नावाने घेतली. त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न झाल्यावर त्या रमा झाल्या. शारदासदनाच्या विद्यार्थिनी आणि बालविधवा असलेल्या गोदूबाई यांनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्याही आनंदीबाई झाल्या. झाशीच्या राणीचे उदाहरण तर गंगेच्या काठावरूनच सुरू होते: काशीत जन्मलेल्या मुलीचे नाव तेथील प्रसिद्ध घाटावरून मणिकर्णिका, तिच्या आईचे नाव भागीरथीबाई, आणि १८४२ साली गंगाधररावांशी लग्न झाल्यावर तिचे नाव लक्ष्मीबाई.

या बदलांमागे मनुस्मृतीतील निषेधच होता, असे ठरवणे धाडसाचे होईल, कारण नदीनाम नसलेल्या मुलींचीही नावे बदलली जात आणि सासरी ठेवलेल्या नावांतही नदीनामे येत. पेशवे नारायणराव यांच्या पत्नी आणि १७७४ साली पुरंदर किल्ल्यावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या मातोश्री गंगाबाई याच नावाने इतिहासात आहेत. इतके मात्र निश्चित म्हणता येते की माहेरचे नाव तीर्थाचे आणि सासरचे नाव लक्ष्मी, रमा, आनंदी अशा मांगल्यसूचक देवतेचे वा भावाचे, ही जोडी वारंवार आढळते, आणि त्यात इतिहासाने लक्षात ठेवले ते दुसरे नाव.

भीमाबाई हे नाव दोन स्त्रियांमुळे इतिहासात टिकले आहे. यशवंतराव होळकर यांची कन्या भीमाबाई होळकर हिचे नाव १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांविरुद्ध झालेल्या महिदपूरच्या लढाईशी जोडले जाते. दुसऱ्या भीमाबाई म्हणजे रामजी सकपाळ यांच्या पत्नी आणि १८९१ साली महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मातोश्री. बाबासाहेब लहान असतानाच, १८९६ साली, त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात असून आंबेडकरी समाजात त्यांना ‘भीमाई’ म्हणतात. त्यामुळे नदीवरून आलेल्या या नावाला विसाव्या शतकात एक नवे स्मरणमूल्य लाभले, आणि अनेक घरांत ‘भीम’ हा शब्द ऐकताना पांडवांतला भीम किंवा भीमाशंकर यांच्याआधी बाबासाहेबच मनात येऊ लागले.

निसर्गातील नावे स्त्रियांना देण्याची रीत सर्वत्र आढळत असली तरी ती सर्वत्र एकाच मार्गाने आलेली नाही. फिनिश आणि एस्टोनियन या परस्परांच्या जवळच्या भाषांत ‘मेरी’ म्हणजे समुद्र, आणि हे तेथे मुलींचे नावही आहे. दोन्ही देशांत चालणारे ‘आइनो’ हे नाव मात्र एका लेखकाने घडवलेले आहे. एलियास ल्योनरोत याने लोकगीते एकत्र करून १८३५ साली ‘कालेवाला’ हे फिनिश महाकाव्य प्रसिद्ध केले आणि १८४९ साली त्याची विस्तारित आवृत्ती काढली. लोकगीतांत ‘एकुलती एक’ अशा अर्थाने मुलीला लावलेले विशेषण त्याने विशेषनाम म्हणून वापरले. त्या काव्यातील म्हाताऱ्या वैनामोइनेनशी लग्न करण्यापेक्षा पाण्यात जीव देणारी ही नायिका राष्ट्रीय जागृतीच्या काळात लोकप्रिय झाली आणि तिचे नाव घराघरांत गेले. फिनलंडमध्ये रूढ नावांना दिनदर्शिकेत एकेक दिवस नेमलेला असतो, त्यात १० मे हा आइनोचा दिवस आहे. तेथे नाव छापील ग्रंथातून आणि राष्ट्रभावनेतून पसरले. मराठी नदीनामे छापखान्याच्या कितीतरी आधी यात्रा, कीर्तन आणि आजीचे नाव नातीला ठेवण्याची चाल यांच्या बळावर पसरली होती.

छापखाना आल्यावर मात्र मराठी नदीनामांची कळा बदलली. विसाव्या शतकात शिक्षित मध्यमवर्गाने नावाच्या शेवटचे ‘बाई’ गाळले आणि कादंबऱ्या, नाटके, चित्रपट यांतून आलेल्या संस्कृतप्रचुर नावांना पसंती दिली. नद्या पूर्णपणे हद्दपार झाल्या नाहीत. त्यांची पर्यायी नावे पुढे आली. गंगेच्या जागी जान्हवी, मंदाकिनी, अलकनंदा, यमुनेच्या जागी कालिंदी, नर्मदेच्या जागी रेवा, आणि त्यांच्या जोडीला शरयू व सिंधू. जह्नू ऋषीने गंगा पिऊन पुन्हा सोडली म्हणून ती जान्हवी, ही कथा माहीत नसलेल्या घरांतही हे नाव आज आवडीने ठेवले जाते. गंगूबाई आणि जान्हवी या एकाच नदीच्या नावाच्या दोन पिढ्या आहेत, पण पहिली गावंढळ आणि दुसरी सुसंस्कृत ठरली. या निवाड्यात भाषेपेक्षा वर्गाचा हात मोठा होता. भीमेला असे मऊ पर्यायी नाव नव्हते, त्यामुळे ती नव्या नामावळीतून जवळजवळ वगळली गेली. अपवाद म्हणून नाव धारण करणारीच्या कर्तृत्वामुळे जुने नाव पुन्हा उजळते. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) आणि लावणी गायिका यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची नावे त्याची साक्ष देतात.

कायद्याने आता स्त्रीच्या नावाला बराच आधार दिला आहे. विवाहानंतर नाव बदलणे कोणत्याही कायद्याने सक्तीचे नाही, आणि ज्यांना बदलायचे आहे त्यांना राजपत्रात तशी प्रसिद्धी देऊन बदलता येते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायिकाचा, म्हणजे जन्मतः भागीदार असण्याचा हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. त्यामुळे माहेरच्या सातबाऱ्यावर लेकींची नावे लागू लागली. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, हा क्रम राज्य शासनाने बंधनकारक केला आहे. ज्या दफ्तरात बाईची ओळख ‘कोम’ आणि ‘जोजे’ या शब्दांपुरती होती, त्याच दफ्तरात आता मुलाची ओळख आईपासून सुरू होते.

हा बदल नव्या पिढीपुरता आहे. ज्या भीमाबाई, गोदाबाई आणि चंद्रभागाबाई पूर्वीच होऊन गेल्या, त्यांची पाळण्यातली नावे शासकीय नोंदीत सापडत नाहीत आणि बहुतेक घरांच्या वंशावळीत लेकी-सुनांना जागाच नसते. ती नावे आज घरातल्या सर्वांत वडील बायकांच्या आठवणीत तेवढी उरली आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आज्या-पणज्यांचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव वंशावळीत लिहून ठेवावे. त्याला फार वेळ लागत नाही, मात्र त्या सांगू शकतात तोवरच ते करता येईल.